साप ओळखावा, पण कशासाठी?

मृग लागून कडगंचीच्या काळ्या रानात तुरीची पेरणी सुरू झाली, की शेतातून आणि घरांतूनही ‘साप! साप!’ अशी आरोळी उठू लागते. आरोळीमागून काठ्या धावतात आणि साप विषारी होता की नव्हता, याचा विचार तो मेल्यानंतर होतो. आमच्या मते हा क्रम उलटा आहे.

माणसाच्या जिवावर बेतणारे आपल्याकडील साप मुख्यतः चार. नाग फणा काढून स्वतःच आपली ओळख देतो. उंदरांमागे तो धान्याच्या कोठीपर्यंत येतो. घोणस जाड अंगाची. तिच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी असतात व डिवचली असता ती मोठा फूत्कार टाकते. बांधावरचे गवत हे तिचे घर. फुरसे हात-दीड हात लांबीचे, खडकाळ माळावर दगडांखाली राहणारे. वेटोळी घासून ते करवतीसारखा आवाज करते. मण्यार काळी, तुकतुकीत, पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची. ती रात्री हिंडते व जमिनीवर निजलेल्यांना दंश करते.

या मण्यारीच्या नावावर निरुपद्रवी कवड्या मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक व शेपटीकडे पुसट. मण्यारीचे नेमके उलट. नाग समजून धामण मारणारा शेतकरी तर उंदरांचा वैरीच मारतो.

परंतु या ज्ञानाचा अभिमान घातकही ठरतो. ‘साप बिनविषारी दिसत होता’ म्हणून घरी थांबणे, किंवा ओळख पटविण्यासाठी साप शोधत बसणे, हे आम्हांस सर्वथा अमान्य आहे. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, आणि घरचे अजीर्ण समजून ओवा देत बसतात! आपल्या रुग्णालयांतील प्रतिविष या चारही सापांवर चालते. म्हणून सापाच्या नावासाठी उपचार अडत नाही. वेळ गेल्याने मात्र प्राण जातो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने प्रत्येक सर्पदंशाची नोंद बंधनकारक केली, ती उगीच नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, साप ओळखावा तो दुरून. त्याची वाट सोडण्यासाठी व निरपराध्याला वाचविण्यासाठी. रात्री हाती दिवा, पायी जोडे आणि निजावयास खाट असावी. दंश झालाच, तर चिरू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाचे दार ठोठावू नये. रोग्याला फार हलू न देता थेट रुग्णालय गाठावे. त्या घटकेला सापापेक्षा रुग्णालयाची वाट ओळखणे अधिक मोलाचे.