सुनावणीत ऐकूच येत नसेल तर?

परवा एका सरकारी कार्यालयात बसलो होतो. इमारत नवीकोरी, चकाचक फरशी, काचेची पार्टिशनं. फेरफारासाठी आलेल्या एका आजीला साहेबांचं बोलणं तीनदा विचारावं लागलं. साहेब वैतागले, आजी रडकुंडीला आली. खरं तर चूक दोघांचीही नव्हती. पंखा, प्रिंटर, चार जणांचं बोलणं, सगळं भिंतींवर आपटून परत येत होतं.

आपल्या जुन्या माळवदात असं घुमत नाही. सागाच्या तुळया आवाज विखुरतात. मातीचा, सारवलेला पृष्ठभाग तो थोडाफार जिरवतो. काच आणि फरशी मात्र जसाच्या तसा परत फेकतात.

1895 साली हार्वर्ड विद्यापीठातलं एक सभागृह असंच घुमायचं. वॉलेस सॅबिन यांनी तिथं खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवल्या आणि घुमणं किती कमी होतं ते मोजलं. साध्या गाद्या! आणि आपला बीड तर कापसाचा जिल्हा.

पऱ्हाट्यांपासून बोर्ड बनवायचं तंत्र मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेकडं आहे. आपण पऱ्हाट्या जाळतो. त्याच बोर्डाला छिद्रं पाडायची, मागं आग न धरणारी प्रक्रिया केलेला टाकाऊ कापूस भरायचा आणि लाकडी चौकटीत छताला बसवायचं. घुमणं कमी होईल, मालही इथलाच लागेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, पुढच्या इमारतीच्या अंदाजपत्रकात ग्रॅनाइटसोबत 'ऐकू येण्याची सोय' हीसुद्धा एक ओळ असावी. आजीला साहेबांचं बोलणंच कळलं नाही, तर तिला न्याय कसा कळणार?

तुमच्या तालुक्याच्या कार्यालयात काय अवस्था आहे? सांगा.