क्रीडांगणाची फेरवाटणी आणि भोर-वेल्ह्याची महाविद्यालये

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली तेव्हा त्याच्या कार्यक्षेत्रात पश्चिम महाराष्ट्रातील बारा जिल्हे होते. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाले आणि पुण्याकडे पाच जिल्हे उरले. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले आणि धुळे, जळगाव हेही वेगळे झाले. प्रत्येक विभाजनाबरोबर आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे क्षेत्रही आक्रसत गेले. तथापि ही विभाजने भौगोलिक होती. लहान महाविद्यालय आपल्या शेजाऱ्यांसह नव्या विद्यापीठात जात असे व तेथे त्याला समान बळाचे प्रतिस्पर्धी मिळत असत.

गेल्या तीन दशकांत चाललेली फेरवाटणी मात्र निराळ्या जातीची आहे. भारती विद्यापीठाला १९९६ साली आणि सिम्बायोसिसला २००२ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुढे राज्याच्या कायद्यान्वये खाजगी विद्यापीठांचीही पुण्याच्या परिसरात भर पडली. या संस्थांचे संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरत नाहीत. भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत ते स्वतंत्र विद्यापीठ म्हणून थेट दाखल होतात. येथे विभागणीचा निकष भूगोल नसून आर्थिक सामर्थ्य हा आहे, आणि म्हणूनच तिचे परिणाम भोर आणि वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांच्या दृष्टीने तपासणे अगत्याचे ठरते. (२०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्ह्याचे ‘राजगड’ हे नामांतर मंजूर केले आहे.)

भोरचे अनंतराव थोपटे महाविद्यालय किंवा विंझरचे अमृतेश्वर महाविद्यालय यांसारख्या संस्थेतील खेळाडूपुढची शिडी ठरलेली आहे. पुणे शहर, पुणे जिल्हा, अहमदनगर (आता अहिल्यानगर) आणि नाशिक असे विद्यापीठाचे चार क्रीडाविभाग आहेत. आधी जिल्हा विभागात चमकावे, मग आंतरविभागीय स्पर्धेत, मग विद्यापीठाच्या संघात, आणि तेथून पश्चिम विभागीय व अखिल भारतीय स्पर्धेत जावे, असा हा क्रम आहे. श्रीमंत संस्था बाजूला झाल्याने या शिडीवरील गर्दी कमी झाली आणि ग्रामीण खेळाडूची निवड सुलभ झाली, असा युक्तिवाद करता येईल. सकृद्दर्शनी तो खोटा नाही.

परंतु सुलभ निवड म्हणजे प्रगती नव्हे. ज्या संघांशी वर्षभर झुंजून खेळ सुधारायचा, तेच संघ आता अगदी वरच्या पायरीवर प्रथम भेटतात, आणि तोवर प्रशिक्षक, आहार व व्यायामशाळा यांच्या बळावर ते बरेच पुढे गेलेले असतात. शिवाय ज्या खाजगी विद्यापीठांपाशी साधने आहेत त्यांना शुल्कमाफी व वसतिगृह देऊन तयार खेळाडू आपल्याकडे ओढता येतात. विद्यापीठीय क्रीडेसाठीचा मौलाना अबुल कलाम आझाद चषक २०२४ साठी चंडीगड विद्यापीठ या खाजगी संस्थेला मिळाला, ही गोष्ट वाऱ्याची दिशा सांगण्यास पुरेशी आहे. खेळाडू घडवण्याचा खर्च गावाने सोसावा आणि फळ दुसऱ्याने घ्यावे, असा हा व्यवहार आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर संघ उभारण्याचा खर्च हा बव्हंशी स्थिर खर्च आहे. कबड्डीचा बारा जणांचा संघ विद्यार्थी पाचशे असोत की पाच हजार, तेवढाच लागतो. उदाहरणादाखल प्रत्येक विद्यार्थ्यामागे पन्नास रुपये क्रीडाशुल्क धरले, तर लहान महाविद्यालयाच्या हाती पंचवीस हजार येतात, मोठ्याच्या हाती अडीच लाख. प्रवासभाडे मात्र दोघांना सारखेच; किंबहुना भोरच्या संघाला अधिक. जिल्हा विभागाची स्पर्धा जुन्नरला भरली, तर सुमारे दीडशे किलोमीटर जावे लागते. २०११ च्या जनगणनेत वेल्ह्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार व भोरची सुमारे १ लाख ८६ हजार होती; तेव्हा पटसंख्या वाढवून हा खर्च विभागता येईल, ही आशाही व्यर्थ आहे. त्यात पावसाळी सत्र, भाताची लावणी-कापणी आणि तोरण्याच्या पायथ्याकडे जाणारी शेवटची एस. टी. चुकण्याची धास्ती. मुलींच्या संघाला हा शेवटचा अडथळा सर्वांत जड जातो.

हे दुखणे एकट्या पुण्याचे नाही. अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या पैशापायी पॅसिफिक किनाऱ्यावरील ‘पॅक-१२’ या जुन्या संघटनेतील बारांपैकी दहा विद्यापीठे २०२४ मध्ये बाहेर पडली. मागे राहिली ती ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही लहान गावांतील दोन. स्टॅनफर्ड तर पॅसिफिकच्या काठी असूनही अटलांटिक किनाऱ्याच्या संघटनेत गेले! तथापि मागे राहिलेली दोघे न्यायालयात गेली, संघटनेच्या मालमत्तेवरील ताबा त्यांनी मिळवला आणि जाणाऱ्यांना आपल्या वाट्यातील काही रक्कम सोडावी लागली. सामाईक व्यवस्थेतून बाहेर पडणाऱ्यावर काही दायित्व असते, हे तत्त्व तेथे मान्य झाले. आपल्याकडे ते अद्याप चर्चेतही नाही.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. विद्यापीठाने पटसंख्येच्या प्रमाणात वर्गणी घेऊन प्रवास-समानीकरण निधी उभारावा आणि अंतराच्या प्रमाणात तो वाटावा. भोर, वेल्हे, पुरंदर अशा शेजारी तालुक्यांची प्राथमिक फेरी जवळच घ्यावी. पटसंख्या फार लहान असेल तेथे दोन महाविद्यालयांच्या संयुक्त संघास मुभा द्यावी. अभिमत व खाजगी विद्यापीठांनी वर्षातून एकदा तरी ग्रामीण संघांना आपल्या मैदानावर, आपल्या खर्चाने खेळण्यास बोलवावे. आमच्या विद्यार्थ्यांचे शुल्क दुसऱ्याच्या प्रवासावर का, असे शहरातील महाविद्यालये विचारतील. त्यांना उत्तर असे, की विद्यापीठाच्या संघाचा लौकिक सर्वांचा असतो; तो घडवणाऱ्या खेडेगावच्या मुलाचे भाडे तेवढे त्याचे एकट्याचे कसे?

प्रश्न केवळ चषकांचा असता तर एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. २०१४ पासून प्रो कबड्डीने व २०२२ पासून अल्टिमेट खो-खोने या देशी खेळांना अर्थार्जनाचे मार्ग केले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला आणि दोहोंचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. या साऱ्या वाटा स्पर्धेतूनच जातात. ज्या तालुक्यांत शेतीचे तुकडे लहान आणि नोकऱ्या दुर्मिळ आहेत, तेथील मुलामुलींना बसभाड्याअभावी पहिल्याच पायरीवर थांबावे लागणार असेल, तर हे आरक्षण त्यांच्यापुरते कागदावरच राहील. पुढील हंगामाचे वेळापत्रक आखण्यापूर्वी विद्यापीठाने हा हिशेब मांडावा.