पन्नास माणसांची दहा हजारी फौज

रविवारी रात्री जेवणं उरकली की आमच्या कोपरखैरण्याच्या घरात टीव्ही मुलांच्या ताब्यात जातो. गेल्या महिन्यात असाच एक ऐतिहासिक युद्धपट लागला होता. माझा धाकटा पाचवीत आहे, तो लोळत बघत होता. एकदम उठून बसला. "अम्मी, हा दाढीवाला मघाशी मेला होता ना? परत कसा आला?" मी चष्मा लावून पाहिलं. खरंच तोच माणूस, फक्त पागोटं बदललेलं. तो तिसऱ्यांदा मेला तेव्हा त्याच्या अब्बांनाही हसू आवरेना.

रडू यावं तिथे हसू येतं, ही स्वस्तातल्या युद्धपटांची मोठी अडचण. माणसं पन्नास आणि फौज दहा हजारांची, म्हणून मग धूर सोडायचा. घोडे भाड्याने महाग पडतात, म्हणून नुसत्या टापांचा आवाज. उरलेली फौज संगणकावर काढलेली, आणि तिचे सगळे भाले एकाच लयीत हलतात. चार दिवस रानात काढलेल्या सैनिकाच्या अंगरख्याची इस्त्रीसुद्धा मोडलेली नसते. ही माणसं जेवतात कधी, पाणी कुठलं पितात, जखमी झाल्यावर त्यांना कोण उचलतं, हे कोणी दाखवत नाही.

तरी पैशांची तंगी मी माफ करते. मराठी युद्धपट गरिबीतच वाढला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' काढला तेव्हा आपल्याकडे चित्रीकरण उन्हावर चालायचं. रात्रीची लढाई दाखवायची म्हणून त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. अडचण झाकायला धूर सोडण्यापेक्षा त्यांनी दिवे शोधले!

शिवाय आपल्या इतिहासातले काही प्रसंग कमी पैशांतही छान उभे राहतील असेच आहेत. जुलै १६६० ची ती रात्रच घ्या. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेले सुमारे ६०० लोक, मुसळधार पाऊस, अंधार आणि चिखल. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभू थोड्या माणसांनिशी पाय रोवून उभे राहिले. अरुंद खिंडीत दहा हजार माणसं मावणारच नाहीत, मग ती दाखवायची कशाला? दमलेली, भिजलेली पन्नास माणसं नीट दाखवली तरी पुरे.

खरी काटकसर होते ती लिखाणात, आणि कागदावर माणूस लिहायला तर पैसे लागत नाहीत. समोरचा सरदार आला की डोळ्यांत सुरमा, हातात तंगडी आणि उगाच मोठमोठ्याने हसणं. त्याची उर्दू ऐकून तर मी, उर्दू शिकवणारी बाई, कानावर हात ठेवते.

त्या रात्री सिनेमा संपल्यावर धाकटा हळूच म्हणाला, "शिवजयंतीच्या नाटकात मला सिद्दी जौहर केलंय. सर म्हणाले, तुझ्या तोंडी शोभेल." थोडं थांबून विचारलं, "अम्मी, आपण तेव्हा कुठल्या बाजूला होतो?"

मी वीस वर्षं वर्गावर उभी आहे, पण या प्रश्नाला चटकन उत्तर सुचलं नाही. मग त्याला जवळ घेऊन सांगितलं, बेटा, दोन्ही बाजूंना. त्याच पन्हाळ्याचा वेढा फोडायला महाराजांच्या बाजूने नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल गेला होता. त्याचा तरुण मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त ही हकिकत आहे. आदिलशाहीच्या चाकरीत मराठे सरदारही होते. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन जौहरच्या मदतीला आले होते, आणि पुढच्या वर्षी महाराजांनी राजापुरावर जाऊन त्यांना त्याचा हिशेब दिला. खुद्द जौहरवर महाराज निसटल्यानंतर त्याच्याच बादशहाने फितुरीचा संशय घेतला. एवढं सगळं एका वेढ्यात आहे. यातला मुलाला पाठीवर टाकून परत येऊ न शकलेला बाप दाखवायला किती खर्च येईल?

'द बॅटल ऑफ अल्जियर्स' हा १९६६ चा चित्रपट मी बीएडच्या दिवसांत पाहिला होता. फ्रेंचांविरुद्धच्या अल्जीरियाच्या लढ्यावरचा, कृष्णधवल. त्यातली बहुतेक माणसं अल्जियर्सच्या गल्ल्यांतली, कधी अभिनय न केलेली. सहानुभूती उघडच अल्जीरियाच्या बाजूने आहे, पण फ्रेंच कर्नल मूर्ख नाही, त्याच्यापाशी त्याचं म्हणणं आहे. बॉम्ब ठेवायला आलेली अल्जीरियन मुलगी कॅफेतल्या लोकांचे चेहरे पाहते, आइस्क्रीम खाणारं एक लेकरूही पाहते, आणि आपल्यालाही ते पाहावं लागतं. इथे हसू येत नाही.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने सरांना सिद्दी हिलालबद्दल विचारलं. सरांनी नाव ऐकलं नव्हतं, पण भले माणूस. पुस्तक मागवून घेतलं, वाचलं आणि नाटकात दोन मिनिटांचा प्रवेश वाढवला. मुलं मात्र तेवढीच आहेत आणि नकली दाढीही एकच. त्यामुळे आता आमचे चिरंजीव जौहर म्हणून आत जाणार आणि पागोटं बदलून हिलाल म्हणून बाहेर येणार आहेत. पागोटं शिवायचं काम माझ्याकडे आलंय.