कंपनी म्हणते 'बोलत नाही', पोरगं म्हणतं 'मान ठेवतो'

एमआयडीसीत कामाला लागलेली गावाकडची काही पोरं दोन-चार महिन्यांत घरी परत येतात. कंपनीवाले म्हणतात, हाताला काम आहे पण सॉफ्ट स्किल नाही. पोरं म्हणतात, इंग्रजी येत नाही म्हणून आम्हाला नावं ठेवतात.

खरं तर दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. सुपरवायझरला फाडफाड इंग्रजी नको असतं. मशीनचा आवाज बदलला तर लगेच सांगावं, समजलं नाही तर पुन्हा विचारावं, सुट्टी हवी तर आदल्या दिवशी कळवावं, एवढंच हवं असतं. आपल्याकडे मात्र मोठ्यांपुढं गप्प बसणं म्हणजे संस्कार. घरी ज्याचं कौतुक होतं, तेच कंपनीत उणं ठरतं.

पण चूक एकट्या पोरांची नाही. बिघाड सांगितला की ओरडा खावा लागत असेल, तर पुन्हा कोण सांगेल? कारखान्यात ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे. तो मागणाऱ्याला 'ॲटिट्यूड आहे' म्हणायचं आणि गप्प राबणाऱ्याला गुणी, हे कसं चालेल?

आयटीआयमध्ये 'एम्प्लॉयबिलिटी स्किल्स' हा विषय आहे. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार महिना ६ ते १० हजार विद्यावेतन ठरलं. अशा ठिकाणी कामाबरोबर विचारायची सवयही लागली पाहिजे. आणि पहिल्याच दिवशी कंपनीनंही स्पष्ट सांगावं, अडलं तर कुणाला विचारायचं. पोरांनी तोंड उघडावं, साहेबांनी कान.