पोळी आणि टाळी

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विधि महाविद्यालयात प्रा. लॉरेन्स लेसिग यांनी २००० साली इंटरनेट व समाज यांच्या अभ्यासासाठी केंद्र स्थापन केले. कॉपीराइटची मुदत २० वर्षांनी वाढविणाऱ्या १९९८ च्या कायद्याविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. २००३ साली सात विरुद्ध दोन मतांनी ते हरले. तरी धनाढ्य कंपन्यांच्या वकिलांपुढे वाचकांचाही कोणी वकील असू शकतो, हे जगाला दिसले. अशा केंद्रांचे खरे प्रयोजन हेच होय.

परंतु याच केंद्राला २००६ साली गुगलने २० लाख डॉलर देऊ केले. लोकांची माहिती हेच जिचे भांडवल, तिच्या पैशाने खासगीपणाचा अभ्यास कसा व्हावा? ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, ही म्हण विद्वानांनाही चुकलेली नाही. गुगलचा पैसा या विषयाच्या संशोधनास वापरणार नाही, अशी ग्वाही केंद्राने दिल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. ग्वाही स्वागतार्ह खरी. पण ती द्यावी लागावी, यातच सारे आले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. आपल्या विधि विद्यापीठांतही आता अशी केंद्रे आहेत. त्यांनी देणगीदारांची नावे व अटी उघड कराव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. देणगीदार सरकार असले, तरी हा नियम सुटू नये. वकीलपत्र कोणाचे घेतले आहे, हे जनतेला कळलेच पाहिजे.