सामरीला हसू नका!

शनिवारची रात्र. कोथरूडमधला आमचा थर्ड फ्लोअरचा फ्लॅट, दोन लार्ज पिझ्झा, सहा टाळकी आणि भिंतीवर मारलेला प्रोजेक्टर. प्लॅन एकदम सही होता. ‘पुराना मंदिर’ लावायचा आणि लोळून लोळून हसायचं. आठवडाभर क्लायंटसमोर सिरियस चेहरा करून बसणाऱ्या मंडळींना वीकेंडला असलं काहीतरी लागतंच ना बॉस!

त्या दिवशी माझे मामाही घरी होते. जालना जिल्ह्यातल्या अंबडचे. डोळे तपासायला पुण्यात आले होते. जेवून ते गादीच्या एका कोपऱ्यात मांडी घालून बसले.

पडद्यावर सामरी आला आणि आम्ही सुटलोच. ‘अरे, याच्या डोळ्यांत मिरची गेलीये, पाणी द्या कोणीतरी!’ प्रत्येक सीनला एक कॉमेंट. सगळ्यात मोठ्यानं कोण हसत होतं? अस्मादिक. मध्येच कधीतरी मामा उठले. ‘झोपतो मी,’ म्हणाले आणि आत गेले.

सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, ‘काय गं पोरी, काल एवढं काहून हसू राहिल्या तुम्ही?’

‘अहो मामा, किती फनी आहे तो पिक्चर!’

‘असंल. आम्ही घाबरायला जायचो त्याला. पैसे देऊन.’

बस्स, एवढंच. पण तो चहा मला काही गोड लागला नाही.

एक कबुली देऊन टाकते. माझ्या रूममेट्सना मी मामांचा ‘इलेक्ट्रॉनिक्सचा बिझनेस’ होता असं सांगितलंय. खोटं नाही ते. मामा टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं द्यायचे. गणपतीत, नवरात्रात, लग्नाच्या आदल्या रात्री. जीपमध्ये कलर टीव्ही गोधडीत गुंडाळून ठेवायचा, मांडीवर व्हीसीआर घ्यायचा आणि निघायचं. एका रात्रीत तीन कॅसेटी. पहिला देवाचा, म्हाताऱ्या माणसांसाठी. दुसरा मारामारीचा. आणि बारा वाजून गेले, बारकी पोरं पेंगली, की रामसेंचा.

लहानपणी मामांचा एक किस्सा मी शंभरदा ऐकलाय. कुठल्याशा खेड्यात ‘पुराना मंदिर’ चालू होता. सामरीचं मुंडकं एका पेटीत, धड मंदिरामागे पुरलेलं. आता दोन्ही जुळणार, आणि तेवढ्यात लाइट गेली. मामांना वाटलं, लोक उठून जातील, भाडं बुडालं. पण एक माणूस जागचा हलला नाही. कारण घरी जायचं म्हणजे अंधारात पांदीतून चालायचं! पाऊण तास सगळं गाव एकमेकांना चिकटून बसून राहिलं. लाइट आली तेव्हा पहिली किंकाळी पडद्यावरची नव्हती म्हणे, सरपंचांची होती.

हा किस्सा मी पुण्यात कुणालाच सांगितलेला नव्हता. का? तर ‘गावठी’ वाटेल म्हणून!

मग मी जरा शोधाशोध केली. म्हटलं, हे रामसे होते तरी कोण? तर फाळणीत कराचीहून मुंबईला आलेले एफ. यू. रामसे. त्यांचं रेडिओचं दुकान होतं. घरात सात मुलगे. १९७० मध्ये त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला आणि तो आपटला. पण पोरांच्या एक गोष्ट लक्षात आली. मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर म्युझियममध्ये चोरी करतात, त्या सीनला पब्लिक जाम खूश होतं. आख्ख्या फ्लॉप पिक्चरमधून त्यांनी एवढंच उचललं : लोकांना घाबरायला आवडतं. याला म्हणतात मार्केट रिसर्च!

१९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ आला. आपल्या मराठवाड्यातली जुनी माणसं हे साल दुष्काळाचं म्हणून लक्षात ठेवतात. तिकडे रामसेंच्या घरातही पैशाची बोंबच होती. मग काय, अख्खी टीम घेऊन महाबळेश्वर गाठलं. स्टुडिओचं भाडं नको म्हणून गेस्ट हाउसमध्येच शूटिंग. जेवण करायला घरच्याच बायका. साधारण चाळीस दिवस आणि साडेतीन लाख रुपयांत पिक्चर तयार झाला, असं सांगितलं जातं. तुलसी आणि श्याम डायरेक्शनला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण साउंडला, कुमार लिहायला. फिल्म इन्स्टिट्यूटचं तोंड न बघता, काश्मीरमध्ये हाउसबोटीवर राहून जोसेफ मॅसेलीचं सिनेमॅटोग्राफीचं पुस्तक घोकत ही भावंडं कॅमेरा शिकली होती.

आणि आपला सामरी? अनिरुद्ध अग्रवाल, रुडकीत शिकलेला इंजिनिअर! म्हणजे आमच्या फ्लॅटमधल्या निम्म्या पब्लिकचा सीनिअरच की. उंची आणि चेहरेपट्टीच अशी, की निम्मं काम तिथंच फत्ते. उरलेलं खालून मारलेल्या लाइटनं, धुरानं आणि करकरणाऱ्या दारानं केलं. पैसा नसला की डोकं चालवावं लागतं, हाच तर फंडा आहे.

हे फक्त आपल्याकडेच नाही. जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलंय. पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट, कुणाला कळतंय! १९७८ च्या ‘हॅलोविन’मधला खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानातून आणलेला ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा, पांढरा रंग फासलेला. किंमत दोन डॉलरच्या आत. या दोघांना जग ‘कल्ट क्लासिक’ म्हणतं, त्यांच्यावर कोर्सेस चालतात. आणि आम्ही सामरीला मिरची लावतो.

लांब कशाला, आपला तात्या विंचू घ्या. हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून (१९८८) महेश कोठारेंना ‘झपाटलेला’ (१९९३) सुचला, हे उघडच आहे. पण अर्धवटरावांच्या घराण्यातल्या रामदास पाध्येंनी बाहुला बनवला, दिलीप प्रभावळकरांनी तात्याला आवाज दिला, आणि त्या बाहुल्याचा असा काही मराठी गुंड झाला की ज्याचं नाव ते. लक्ष्याच्या कॉमेडीवर हसता हसता माझ्या पिढीतली कितीतरी पोरं रात्री बाहुल्या कपाटात कोंडून झोपली. मीसुद्धा.

आता याचा अर्थ रामसेंचं सगळंच ग्रेट, असं मी म्हणणार नाही. उगाचच्या आंघोळी, ओढूनताणून घुसडलेली कॉमेडी, जंगलातल्या माणसांची टिंगल... आज बघताना नको होतं. तिथं डोळे मिटून कौतुक करायची काही गरज नाही. पण नावं ठेवायचीच असतील तर त्याला ठेवा ना. बजेट नव्हतं, याला काय हसायचं?

या नवरात्रात अंबडला गेले होते. माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचं मंदिर, खाली जत्रा. दर्शन झालं, भजी झाली. रात्री मी मामांना म्हटलं, ‘मामा, सामरी लावू का?’ त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. हसायला लावतेय की बघायला, याचा अंदाज घेत असावेत. मग स्वतः उठून ट्यूबलाइट बंद केली, माझा मोबाइल उचलून फ्रीजवर ठेवला. ‘आधी आवाज ऐकायचा. भूत डोळ्याला नंतर दिसतं.’

खरं सांगू? मी घाबरले. फार नाही, पण बाथरूमला जाताना मामीला बरोबर घेऊन गेले.

तुलसी रामसे २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये. मामांचा व्हीसीआर माळ्यावर आहे, अजून गोधडीतच.

तर दोस्तहो, या वीकेंडला एक ट्राय करा. ‘पुराना मंदिर’, ‘झपाटलेला’ किंवा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’, कुठलाही एक घ्या. सगळे लाइट बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, पहिला अर्धा तास नो कॉमेंट्स. आणि जमलं तर ज्यांनी तो त्या काळात पाहिलाय असा एखादा मामा, काका, आत्या शेजारी बसवा. ऐकत बसाल, गॅरंटी!

दिवाळीनंतर मामा पुन्हा पुण्यात येताहेत, डोळ्यांच्या ऑपरेशनला. रूममेट्सना मी सरपंचांचा किस्सा सांगून टाकलाय. मामांचा खरा बिझनेससुद्धा. त्यांचं म्हणणं, पट्टी निघाली की पहिल्या शनिवारी प्रोजेक्टर मामांच्या ताब्यात द्यायचा. कॅसेटींचा क्रम मामा ठरवतील.