तीस तासांची ताई

‘ओ पेअर’ म्हणजे नक्की काय, हे मी आमच्या नातेवाइकांना आतापर्यंत निदान पन्नास वेळा समजावून सांगितलं असेल. सगळं ऐकून घेतल्यावर आत्या एका वाक्यात निकाल लावते, ‘‘म्हणजे आयाच ना गं? मास कॉम करून?’’

नाही आत्या, आया नाही. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’. फंडा अगदी साधा. तरुण मुलीने (मुलगेही जातात बरं का!) परदेशातल्या एखाद्या कुटुंबात सहा महिने ते वर्षभर राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, घरातली हलकी कामं करायची. त्या बदल्यात राहणं, खाणं, हातखर्चाला पैसे आणि त्या देशाची भाषा शिकायची संधी. युरोप परिषदेने १९६९ साली या विषयावर चक्क एक करार केलाय. म्हणजे मामला अगदीच ऐऱ्यागैऱ्याचा नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मी स्टुटगार्टला गेले, तेव्हा मी पंचविशीत होते. जर्मनीत व्हिसाचा अर्ज करताना वय २७ च्या आत असावं लागतं आणि ए-वन पातळीचं जर्मन यावं लागतं. ते मी पुण्यातच शिकून घेतलं होतं. बाकीचे नियम मला तोंडपाठ होते. दिवसाला सहा आणि आठवड्याला जास्तीत जास्त तीस तास काम. आठवड्याला दीड दिवस सुट्टी. स्वतःची खोली. विमा कुटुंबाने काढायचा, भाषेच्या क्लाससाठी महिन्याला ७० युरो त्यांनीच द्यायचे. आणि हातखर्चाला २८० युरो, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण साडेबावीस हजार रुपये. ऐकायला सॉलिड वाटतं ना? मग तिथे एक कप कॉफी तीन युरोला पडते आणि आकडा एकदम नॉर्मल होतो. दुसरी नोकरी करायला व्हिसाची परवानगी नसते, त्यामुळे जे काय आहे ते एवढंच!

आता प्रत्यक्ष दिवस कसा असतो, ते सांगते.

सकाळी साडेसहाला उठायचं. बाहेर मिट्ट काळोख. घरात दोन मुलं. थोरली सहा वर्षांची, पहिलीत. धाकटा तीन वर्षांचा. पहिलं काम डबे भरायचं. आपल्या डोक्यात डबा म्हणजे पोळी-भाजी, निदान उपमा तरी. इथे ब्रेडच्या दोन चकत्या, मध्ये चीज, बाजूला काकडी आणि सफरचंदाच्या फोडी. या भागात त्याला ‘वेस्पर’ म्हणतात. सकाळी डब्यात वेस्पर आणि संध्याकाळी जेवायलाही पुष्कळदा वेस्परच. गार ब्रेड, गार चीज, गार काकडी. पहिल्या आठवड्यात मी रात्री खोलीत जाऊन मेतकूट नुसतं चाटून खाल्लंय, खोटं कशाला बोलू!

थोरली शाळेत मैत्रिणींबरोबर चालत जायची, सोडायला कुणी नाही. धाकट्याला मात्र बालवाडीत सोडायला मीच. पाऊस असो की चिखल, पोरांना बाहेर खेळायला नेतातच. त्यासाठी खास रबरी डगला-विजार असते. ती कुरकुरणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला चढवणं म्हणजे पोत्यात मांजर भरण्याचा प्रकार! त्यानंतर माझा भाषेचा क्लास, दुपारी परत मुलं, बाग, गृहपाठ, वेस्पर. सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना टीव्हीवर ‘सांडमेनशेन’ लागतं. दाढीवाला छोटा बाहुला येतो, गोष्ट दाखवतो आणि जाताना पोरांच्या डोळ्यांत झोपेची वाळू टाकून जातो. १९५९ पासून हा गडी रोज येतोय. तो गेला की दात घासायचे, की झोप. संध्याकाळी साडेसातला घरात सामसूम! आमच्या घरी त्या वेळेला कुकर लागतो.

भाषेची मजा वेगळीच. स्टुटगार्टचे लोक श्वेबिश बोलतात. म्हणजे पुण्यात पुस्तकी मराठी शिकून थेट मालवणात उतरावं, तसं काहीसं. एकदा धाकटा सोफ्यावर आडवा होऊन म्हणाला, मला ‘टेप्पिख’ दे. पुस्तकात टेप्पिख म्हणजे गालिचा. गालिचा तर जमिनीवर, त्याच्यावर डायनिंग टेबल. मी नुसती बघत राहिले. शेवटी त्यानेच वैतागून खुर्चीवरच्या पांघरुणाकडे बोट दाखवलं. इकडे पांघरुणालाच टेप्पिख म्हणतात! तीन वर्षांच्या मास्तराइतका कडक मास्तर जगात नाही. चुकलं की खोखो हसतो आणि बरोबर येईपर्यंत सोडत नाही.

पण एक शब्द मात्र ऐकल्याबरोबर कळला. पहिल्याच शनिवारी आमच्या दारावर एक पाटी लटकत होती, ‘केरवोखे’. ‘वोखे’ म्हणजे आठवडा. आणि ‘केर’? केर म्हणजे आपला झाडण्याचा केरच की हो! स्टुटगार्टच्या बाजूची ही जुनी रीत. बिल्डिंगचा जिना, पॅसेज, दारासमोरचा फुटपाथ, हे सगळं ज्याची पाळी असेल त्या घराने झाडायचं. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दारावर. वरच्या मजल्यावर एक डॉक्टर राहायचे, ते त्यांच्या आठवड्याला बादली आणि फडकं घेऊन जिना पुसताना दिसायचे. आमच्या पुण्याच्या सोसायटीत हे दृश्य दिसलं, तर लोक फोटो काढतील.

हाक काय मारायची, हा माझा सगळ्यात मोठा प्रश्न होता. क्लासमध्ये आम्हाला घोकून घोकून शिकवलेलं की मोठ्यांना ‘झी’ म्हणायचं, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. पहिल्याच दिवशी मुलांची आई म्हणाली, ‘‘अगं, आम्हाला ‘डू’ म्हण, तू आता आमच्या घरातलीच.’’ डू म्हणजे तू. चाळिशीच्या बाईला नावाने हाक आणि वर ‘तू’! काकू नाही, ताई नाही, मॅडमसुद्धा नाही. पहिले आठ दिवस मी त्यांना हाकच मारली नाही, समोर जाऊन उभी राहायचे. मुलांनी मात्र प्रश्न झटक्यात सोडवला. मी त्यांना माझ्याबद्दल बोलताना ‘ताई’ म्हणायला शिकवलं आणि त्यांनी ते उचललं.

‘तू घरातलीच’ हे वाक्य मला मनापासून आवडलं होतं. २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं. मी खोलीत एक पणती लावली, तर सगळं घर दारात येऊन उभं. तेव्हा तर हे वाक्य अगदी खरं वाटलं. ११ नोव्हेंबरला तिथे संत मार्टिनचा दिवस असतो. पोरं स्वतः बनवलेले कागदी कंदील काठीला लावून, गाणी म्हणत अंधारात फिरतात. आम्ही दोन कंदील केले, एक त्यांच्या पद्धतीचा आणि एक आपला, खाली झिरमिळ्या असलेला. थोरलीने झिरमिळ्यांचा कंदील पळवला आणि शेवटपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

पण याच वाक्याला दुसरी बाजू असते. घरातल्या माणसाचे तास कोण मोजतं?

सुरुवात अगदी छोटी होती. ‘‘आज मला मीटिंग आहे, तासभर जास्त थांबशील?’’ थांबले. ‘‘शनिवारी सकाळी जरा बघशील?’’ बघितलं. मग मंगळवारी क्लास बुडाला, मग गुरुवारी. कुणी ओरडत नव्हतं, कुणी वाईट नव्हतं. उलट प्रत्येक वेळी ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’ होतं. पण नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी डायरीत तास लिहायला घेतले आणि बेरीज झाली एकेचाळीस. तीसच्या जागी एकेचाळीस! त्यात थंडी, संध्याकाळी लवकर पडणारा अंधार. रविवारी दुकानं बंद, रिकाम्या काचेच्या बाटल्या कुंडात टाकायलासुद्धा बंदी, कारण आवाज होतो. घड्याळं एक तास मागे गेल्यामुळे पुण्याशी अंतर साडेतीनवरून साडेचार तासांवर गेलेलं. मला आईला फोन करावासा वाटायचा, तेव्हा ती झोपलेली असायची.

भाषेच्या क्लासला आम्ही बऱ्याच जणी ओ पेअर होतो. कुणी कोलंबियाची, कुणी मादागास्करची, कुणी जॉर्जियाची. मधल्या सुट्टीत विषय एकच, ‘तुझे किती तास झाले?’ जॉर्जियाच्या मुलीला तर सगळ्या घराच्या खिडक्या पुसायला लावायचे, आणि मुलं सांभाळणं वेगळं. तिने शेवटी एजन्सीला कळवून कुटुंब बदललं. तसं करता येतं, फक्त ते वेळेत आणि रीतसर करावं लागतं. तिनेच मला सांगितलं, ‘‘रडू नकोस. आकडे दाखव.’’

मग एका संध्याकाळी, बाहुल्याने वाळू टाकल्यावर आणि मुलं झोपल्यावर, मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर डायरी ठेवली. अख्खी दुपार वाक्यं पाठ केली होती. पोटात गोळा. आपल्याकडे असं बोलायचं म्हणजे आधी दहा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा, मग ‘राग मानू नका हं’, आणि त्यानंतर दोन आठवडे अबोला. मी एवढंच म्हणाले, ‘‘करारात तीस आहेत. हे एकेचाळीस आहेत. माझे चार क्लास बुडाले.’’

बाईंनी डायरी शेवटपर्यंत वाचली. मग उठून कपाटातली फाईल काढली, करार काढला, परत वाचला. मुलांचे वडील म्हणाले, ‘‘बरं झालं बोललीस. आम्ही मोजलेच नव्हते.’’ संपलं! ना रुसवा, ना टोमणा. अर्ध्या तासात पुढच्या महिन्याचा तक्ता तयार. कोणत्या दिवशी मी, कोणत्या दिवशी ते, क्लासच्या वेळा लाल पेनाने. जास्तीच्या तासांच्या बदल्यात दोन पूर्ण दिवस सुट्टी. तक्ता फ्रिजवर लागला. दुसऱ्या दिवशी थोरलीने त्यावर स्वतःच्या हाताने एक सूर्य काढला, माझ्या सुट्टीच्या चौकोनात.

आणि गंमत बघा, घरातली असल्यासारखं मला त्यानंतर खरं वाटायला लागलं. सुट्टीच्या दिवशी मी दार लावून झोपायचे आणि कुणी ठोठावायचं नाही. कामाच्या दिवशी मी कामावर, वेस्परला बसले की घरची. कधी काय आहे ते दोघांनाही माहीत. जास्त काम पडलं, तर विचारायचे आणि तक्त्यात लिहायचे. बरोबरी म्हणजे नावाने हाक मारणं असेल असं मला आधी वाटायचं. ती निघाली फ्रिजवरच्या कागदात.

तुमच्यापैकी कुणाला किंवा तुमच्या धाकट्या बहिणीला जायचं असेल, तर माझं ऐका आणि करार वाचून जा. व्हिडिओ कॉलवर फक्त गोड मुलं बघू नका. आठवड्याचा तक्ता मागा. आधीच्या ओ पेअरशी बोलायला मागा. विमानाचं तिकीट बहुतेक वेळा आपल्यालाच काढावं लागतं, तेव्हा थोडी शिल्लक गाठीशी असू द्या. आणि मेतकूट जास्त न्या.

परत आल्यावर मला आमचं घर जरा वेगळंच दिसायला लागलं. आमच्याकडे मावशी अकरा वर्षं कामाला येतात. आई सगळ्यांना सांगते, ‘‘मावशी काय, घरच्याच आहेत.’’ हे वाक्य मी कुठे ऐकलं होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. मोलकरणींच्या कामाचे तास आणि रजा हा विषय आपल्याकडे काही नवा नाही. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी चक्क संप केला होता आणि महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. पण आमच्या फ्रिजवर तेव्हा फक्त दूधवाल्याचं कार्ड होतं.

आईला पटवायला दोन रविवार गेले. ‘‘त्यांनी कधी मागितलंय का?’’ हा तिचा मुद्दा. मी म्हटलं, घरच्या माणसाला मागायला जड जातं, मला विचार. आता कार्डाच्या शेजारी एक कागद आहे. कामं कोणती, वेळ कोणती, महिन्याला पगारी सुट्ट्या किती, दिवाळीचा पगार कधी. मावशींना तो वाचून दाखवला. त्यांनी चष्मा लावून परत एकदा स्वतः वाचला आणि म्हणाल्या, ‘‘ताई, पाहुणे आले की भांडी दुप्पट होतात. ते कुठं लिहिलंय?’’

आईने निमूटपणे पेन आणून दिलं.